जमीन तीच, आकडे नवे

(तलाठी, भूकरमापक, शिक्षक व ग्रामस्थ यांच्या संयुक्त मेळाव्यात केलेले भाषण)



मी भूमापन-तज्ज्ञ नाही. कलाशाखेचे शिक्षण घेऊन प्रसिद्धी खात्यात आलेला मी एक कर्मचारी आहे. परंतु शासनाचा निर्णय आणि लोकांची समजूत यांच्यामध्ये जे अंतर पडते, ते कमी करणे हे आमच्या खात्याचे काम असल्यामुळे, आज एका तांत्रिक विषयावर चार शब्द बोलण्याचे धाडस मी करीत आहे.

आपल्या गावी मोजणीचे पथक येते. पूर्वी पथकाबरोबर साखळी असे, फलक असे, झेंडे असत. आता तिपाईवर एक यंत्र उभे राहते, आकाशातील उपग्रहांकडून संदेश घेते आणि शेताच्या कोपऱ्याचे दोन आकडे सांगते. कधी डोक्यावरून ड्रोन फिरतो. मग कोणीतरी म्हणतो, "जुन्या नकाशावरचा आकडा निराळा आहे." हे वाक्य पारावर पोचेपर्यंत त्याचे रूप बदलते: "नव्या मोजणीत आपली हद्द सरकली!" शेजाऱ्याचा बांध आणि आपला बांध यांवरून पिढ्यान् पिढ्या दावे चालविलेल्या समाजात या एका वाक्याने किती अस्वस्थता निर्माण होते, हे येथे बसलेल्या तलाठी मंडळींना मी सांगण्याची आवश्यकता नाही.

आकडे बदलले म्हणजे जमीन बदलते काय? या प्रश्नाचे उत्तर काही ठिकाणी प्रत्यक्ष कायद्याने दिले गेले आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील राज्यांनी गेल्या नव्वद वर्षांत आपली भूमापनाची अधिकृत सहनिर्देशक-पद्धती अधिनियमाने स्वीकारली आणि अधिनियमानेच बदलली. त्यांचा हा अनुभव आपल्याला विचार करावयास लावणारा आहे.

सहनिर्देशक म्हणजे काय, हे प्रथम पाहू. खरेदीखतात आपण चतुःसीमा लिहितो: पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस ओहोळ, दक्षिणेस रस्ता, उत्तरेस आंब्याचे झाड. ओहोळ पात्र बदलतो, झाड पडते आणि शेजारचे शेत विकले जाऊन त्याच्या मालकाचे नाव बदलते. सहनिर्देशक म्हणजे जागेचा असा पत्ता, की जो झाडावर वा माणसावर अवलंबून नाही. एका ठरलेल्या आरंभबिंदूपासून हा कोपरा पूर्वेस किती आणि उत्तरेस किती, असे दोन आकडे. शाळेतील आलेखाच्या कागदावर मुले जे दोन आकडे घेऊन बिंदू मांडतात, तेच हे.

अडचण अशी, की कागद सपाट आहे आणि पृथ्वी गोल आहे. नारळाची करवंटी पाटावर ठेवून दाबली, तर ती सपाट होत नाही, फुटते. गोल पृष्ठभाग सपाट कागदावर आणताना कोठे तरी ताण पडतो, कोठे तरी आकसावे लागते. यालाच प्रक्षेपाचा दोष म्हणतात. प्रदेश जेवढा मोठा, तेवढा दोष मोठा. संबंध देशाला एकच सपाट कागद लावला, तर शेताची लांबी कागदावर एक आणि जमिनीवर दुसरीच येईल.

इ. स. १९३३ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या महामार्ग खात्यातील जॉर्ज साइम नावाच्या अभियंत्याने ही अडचण केंद्र सरकारच्या तट व भूमितीय सर्वेक्षण खात्यापुढे मांडली. पृथ्वीच्या वक्रतेचे किचकट गणित प्रत्येक रस्त्यासाठी नव्याने न करता, साध्या भूमितीने संबंध राज्याची मोजणी जुळवता येईल अशी काही योजना आहे काय, असा त्याचा प्रश्न होता. त्या खात्यातील गणितज्ञ डॉ. ऑस्कर ॲडम्स यांनी उपाय काढला. नॉर्थ कॅरोलायना पूर्व-पश्चिम लांबट आहे. म्हणून पृथ्वीच्या गोलावर एक शंकू टोपीसारखा बसवावयाचा, त्यावर राज्याचा प्रदेश उतरवावयाचा आणि मग तो शंकू उलगडून सपाट करावयाचा. जी राज्ये उत्तर-दक्षिण लांबट, त्यांच्यासाठी शंकूऐवजी आडवे नळकांडे. राज्य फार मोठे असेल, तर त्याचे पट्टे पाडावयाचे. टेक्सासचे असे पाच पट्टे आहेत, नॉर्थ कॅरोलायनाचे एकाच पट्ट्यात भागते. दोष दहा हजारांत एक भाग, म्हणजे एक किलोमीटरमागे दहा सेंटिमीटर, याच्या आत राहावा असे मूळ धोरण होते. वर्षभरात सर्वच राज्यांसाठी अशा पद्धती तयार झाल्या.

येथपर्यंत गणित झाले. परंतु गणित बरोबर असले तरी ते न्यायालयात आपोआप ग्राह्य ठरत नाही. खरेदीखतात "अमुक इतके फूट पूर्व, तमुक इतके फूट उत्तर" असे लिहिले, तर न्यायाधीश विचारील: कोठून मोजले? कोणत्या पद्धतीने? त्या पद्धतीला मान्यता कोणाची? म्हणून या पद्धतीला कायद्याचे पाठबळ देणे आवश्यक झाले. न्यू जर्सीने १९३५ मध्ये पहिला अधिनियम केला. ज्या राज्यातून मूळ मागणी आली, त्या नॉर्थ कॅरोलायनाने १९३९ मध्ये केला. पुढे बहुतेक राज्यांनी तोच मार्ग धरला. या अधिनियमांत पद्धतीचे नाव, तिचे पट्टे, तिचा आरंभबिंदू आणि तिचे माप एवढ्या गोष्टी शब्दाने निश्चित केलेल्या असतात.

आता बदल का करावा लागला, ते पाहू. पृथ्वी अगदी चेंडूसारखी गोल नाही, ती किंचित चपटी आहे. तिचा आकार गृहीत धरून आणि एक आधारबिंदू ठरवून सर्व मोजणी बांधावी लागते. त्याला आपण मोजणीचा मूलाधार म्हणू. अमेरिकेचा १९२७ सालचा मूलाधार कॅन्सस राज्यातील मीड्स रँच नावाच्या ठिकाणी रोवलेला होता. पृथ्वीचा आकार क्लार्क या शास्त्रज्ञाने १८६६ मध्ये काढलेला धरला होता. एका बिंदूपासून त्रिकोणामागून त्रिकोण जोडीत हे जाळे देशभर नेले गेले. कामाच्या मानाने ते उत्तम होते, परंतु जेथे जाळे लांब गेले तेथे चुका साचत गेल्या. पुढे विद्युत्‌-यंत्रांनी अंतरे अधिक नेमकी मोजता येऊ लागली, उपग्रह आले, आणि जुन्या जाळ्यातील ताण उघडे पडले.

म्हणून १९८६ मध्ये पूर्ण झालेल्या नव्या गणनेत सुमारे अडीच लाखांहून अधिक बिंदूंची एकत्र फेरजुळणी करण्यात आली. तिला १९८३ चा मूलाधार असे नाव आहे. या वेळी आधार एका शेतातील खुंटावर न ठेवता पृथ्वीच्या केंद्रावर ठेवण्यात आला. परिणामी देशाच्या मुख्य भूमीवर एकाच जागेच्या अक्षांश-रेखांशाच्या मूल्यात दहापासून शंभर मीटरपर्यंत फरक पडला. शंभर मीटर! आपल्याकडे एवढ्या अंतरात तीन-चार शेतकऱ्यांची खाती मावतात. तरी अमेरिकेत एकही शेत हलले नाही, एकही कुंपण उपटले गेले नाही. घर तेच राहिले आणि नगरपालिकेने दारावरचा क्रमांक तेवढा बदलला, असा हा प्रकार होता.

मात्र तो विनासायास घडला असे समजू नये. त्यासाठी राज्यांना आपले अधिनियम सुधारावे लागले, आणि त्या अधिनियमांत ज्या तरतुदी आढळतात त्या आपण लक्षपूर्वक पाहण्यासारख्या आहेत.

पहिली तरतूद नावाची. जुनी पद्धती १९२७ ची, नवी १९८३ ची. ज्या दस्तऐवजात आकडे द्यावयाचे, त्यात ते कोणत्या पद्धतीचे हे लिहिलेच पाहिजे. जुने आणि नवे आकडे दिसावयास सारखे असले तर घोटाळा होणारच. म्हणून काही राज्यांनी आरंभबिंदूला दिलेले मूल्यच मुद्दाम असे बदलले, की नुसता आकडा पाहून तो जुना की नवा हे ओळखता यावे.

दुसरी तरतूद दगडाच्या मानाची. अमेरिकेत १७८५ च्या भूमिवटहुकुमाने पश्चिमेकडील सार्वजनिक जमिनीचे सहा मैल लांब-रुंद चौरस आणि त्यांचे प्रत्येकी छत्तीस भाग पाडण्यास आरंभ झाला. या छत्तीसांपैकी सोळावा भाग सार्वजनिक शाळेसाठी राखावा असे त्यात होते, ही गोष्ट शिक्षकांनी अवश्य लक्षात ठेवावी. या भागांच्या कोपऱ्यांवर खुणा रोवल्या गेल्या आणि त्या खुणा पाहून लोकांनी जमिनी घेतल्या. म्हणून अनेक राज्यांच्या सहनिर्देशक-अधिनियमांत स्पष्ट म्हटले आहे, की एखाद्या जमिनीचे वर्णन जुन्या भागांच्या आधारेही दिलेले असेल आणि सहनिर्देशकांनीही दिलेले असेल, तर सहनिर्देशक हे पूरक समजावे आणि दोहोंत विरोध आल्यास मूळ वर्णन खरे धरावे. म्हणजे पूर्वजांनी रोवलेला आणि दोन्ही शेजाऱ्यांनी मान्य केलेला दगड हा उपग्रहाच्या आकड्यापेक्षा वरचढ आहे.

तिसरी तरतूद सामान्य माणसाच्या संरक्षणाची. केवळ सहनिर्देशकांवर अवलंबून असलेल्या वर्णनावर विसंबण्यास कोणाही खरेदीदाराला किंवा जमीन गहाण ठेवून घेणाऱ्याला भाग पाडता येणार नाही, असेही अनेक ठिकाणी लिहिले आहे. ज्याला गणित कळत नाही, त्याचा तोटा होऊ नये, हा यामागील हेतू.

आता मापाची गोष्ट. ती वरवर गमतीची वाटते, परंतु तिने पुष्कळांना त्रास दिला. अमेरिकेत १८९३ मध्ये ठरलेल्या प्रमाणानुसार फुटाची लांबी मीटरच्या ३९३७ भागांपैकी १२०० भाग अशी होती. १९५९ मध्ये इंग्रजी मापे वापरणाऱ्या देशांशी मेळ घालून फूट ०.३०४८ मीटर असा नक्की करण्यात आला. दोहोंतील फरक दहा लाखांत दोन भाग, म्हणजे एका मैलात इंचाचा सुमारे अष्टमांश. भूमापनाला मात्र जुना फूट तूर्त चालू ठेवण्याची मुभा देण्यात आली. ही तात्पुरती मुभा ३१ डिसेंबर २०२२ पर्यंत, म्हणजे त्रेसष्ट वर्षे, टिकली! "तात्पुरती व्यवस्था" या शब्दाचे आयुष्य सरकारी दप्तरात किती मोठे असते, हे केवळ आपल्याच अनुभवाचे नाही, एवढेच यावरून म्हणता येईल.

दरम्यान काय झाले? नॉर्थ कॅरोलायनाने भूमापनाचा जुना फूट स्वीकारला. तिच्या दक्षिणेस लागून असलेल्या साउथ कॅरोलायनाने आंतरराष्ट्रीय फूट स्वीकारला. आकडे ऋण येऊ नयेत म्हणून दोन्ही राज्यांनी आपल्या मध्यरेखेला वीस लाख फूट हे आरंभमूल्य दिले आहे. पण ते मीटरमध्ये मांडले, तर एकीकडे ६,०९,६०१.२२ मीटर आणि दुसरीकडे ६,०९,६०० मीटर होते. नॉर्थ कॅरोलायनाचा वीस लाख फुटांचा आकडा कोणी चुकून आंतरराष्ट्रीय फुटांत मांडला, तर तो वीस लाख चार फूट होतो. एका शेताच्या लांबीत हा फरक डोळ्यांना दिसणारही नाही, पण दूरच्या आरंभबिंदूपासून मोजलेल्या आकड्यात तो चार फुटांचा होतो. चार फुटांत विहिरीचा काठ शेजाऱ्याच्या हद्दीत जाऊ शकतो. म्हणून आकड्यापुढे माप लिहिणे हे मोजणीचेच अंग होय.

याच दोन राज्यांच्या सीमेची कथा तर अधिकच बोधप्रद आहे. ब्रिटिश अमदानीत, १७३५ च्या सुमारास, ही सीमा समुद्रकिनाऱ्यापासून वायव्येस पस्तीस अंश अक्षांशापर्यंत न्यावी आणि तेथून सरळ पश्चिमेस वळवावी असे ठरले. मोजणीदार अक्षांश गाठण्यापूर्वीच सुमारे अकरा मैल अलीकडे थांबले आणि पुढील रेषा तेथूनच पश्चिमेस गेली. चूक उघडकीस आली, तेव्हा रेषा पुसण्यात आली नाही. १७७२ मध्ये पुढील भागात साउथ कॅरोलायनाला भरपाईची जमीन देऊन तोल साधण्यात आला. झाडांवर खाचा पाडून आखलेली ती सीमा काळाच्या ओघात झाडांबरोबरच नाहीशी झाली. दोन्ही राज्यांनी वर्षानुवर्षे जुनी दप्तरे चाळून आणि उपग्रहांच्या साहाय्याने मोजणी करून ती पुन्हा शोधली. नवी सोयीची रेषा आखणे सोपे होते. त्यांनी मूळ रेषाच शोधली. तिला मान्यता देणारे कायदे झाले आणि १ जानेवारी २०१७ पासून ते अमलात आले. थोडी घरे आणि एक पेट्रोल पंप इतकी वर्षे भलत्याच राज्यात समजले जात होते, असे आढळले. त्या कुटुंबांवर मागील करांचा बोजा पडू नये आणि मुलांच्या शिक्षणाची आबाळ होऊ नये, यासाठीही कायद्यात सोय करावी लागली. रेषा कागदावरची असली, तरी तिच्या दोन्ही बाजूंस माणसे राहतात, याचे भान तेथील विधिमंडळांनी राखले.

आता पुढचा टप्पा. उपग्रहांनी असे दाखविले, की १९८३ च्या मूलाधारात पृथ्वीचे केंद्र म्हणून धरलेली जागा खऱ्या केंद्रापासून सुमारे दोन मीटर दूर आहे. शिवाय भूखंडे स्थिर नाहीत, ती सावकाश सरकतात. आपला भारतही वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकत आहे. वीस वर्षांत एक मीटर! आपण, आपले शेत, शेजाऱ्याचे शेत आणि मधला बांध सर्व एकत्रच सरकत असल्याने वादाला त्यात जागा नाही. परंतु आकाशातील उपग्रहाच्या दृष्टीने प्रत्येक बांधाचा आकडा वर्षागणिक बदलतो. म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय भूमितीय सर्वेक्षण खात्याने २०२२ या सालाचे नाव असलेली नवी पद्धती तयार करण्याचे हाती घेतले. त्या नावाच्या वर्षी ती पूर्ण होऊ शकली नाही. तरीही अनेक राज्यांनी तिच्या स्वागतासाठी आपले अधिनियम आधीच सुधारले.

येथे एक महत्त्वाचा प्रश्न उपस्थित होतो. जुन्या अधिनियमांत अक्षांश, रेखांश, आरंभमूल्य हे सर्व आकडे कलमांतच लिहिलेले असत. त्यामुळे शास्त्रात बदल झाला, की विधिमंडळात विधेयक आणावे लागे. आता कित्येक ठिकाणी कायद्यात तत्त्व ठेवून, तपशिलाचे आकडे राष्ट्रीय खात्याने वेळोवेळी प्रसिद्ध केल्याप्रमाणे समजावेत, अशी रचना केली जाते. यात काम लवकर होते हे खरे. परंतु ज्या आकड्यांवर लोकांच्या जमिनीचे वर्णन उभे आहे, ते लोकप्रतिनिधींच्या समोर न येता बदलू शकतात, हेही खरे. माझ्या अल्पमतीनुसार दोहोंचा मेळ असा घालता येईल: आकडे तज्ज्ञांनी ठरवावेत, मात्र बदलाची प्रसिद्धी, जुन्या आकड्यांचे जतन आणि मूळ खुणांचे श्रेष्ठत्व या तीन गोष्टी कायद्याच्या कलमांतच राहाव्यात, त्या कोणाच्या मर्जीवर राहू नयेत.

आपल्या देशाला हा विषय नवा नाही. १८०२ मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्टन यांनी आधाररेषा मोजून त्रिकोणमापनाच्या महान कार्यास आरंभ केला. हे काम करीत असतानाच १८२३ मध्ये त्यांचा वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे अंत झाला, आणि त्यांची कबरही तेथेच आहे. त्यांचे उत्तराधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये काढलेला पृथ्वीचा आकार आणि मध्य प्रदेशात सिरोंजजवळ असलेला कल्याणपूरचा बिंदू यांवर भारताचे नकाशे दीर्घकाळ उभे होते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वसामान्यांसाठीचे नकाशे जागतिक मूलाधारावर आणण्यात आले. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोनने होऊ लागली, आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय भू-स्थानिक धोरण जाहीर झाले. म्हणजे आकड्यांचा बदल आपल्याही उंबरठ्याच्या आत आला आहे.

महाराष्ट्रात सातबारा, आपल्या गोव्यात एक-चौदाचा उतारा, तर इंदूर-ग्वाल्हेरकडे खसरा-खतौनी. उताऱ्याचे नाव काही असो, त्याच्याशी जोडलेला नकाशा बहुधा साखळीच्या काळातला किंवा त्या परंपरेतला आहे. तेहतीस फुटांची साखळी, तेहतीस फूट लांब-रुंद तो गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, हे आपल्या आजोबांचे गणित होते. त्या साखळीने मोजलेल्या क्षेत्रात आणि उपग्रहाने मोजलेल्या क्षेत्रात थोडा फरक येणारच. तो आला म्हणजे कोणीतरी लबाडी केली, असे समजू नये. त्याचप्रमाणे तो आला म्हणजे यंत्राचेच खरे, असेही अधिकाऱ्यांनी समजू नये.

या अनुभवावरून आपण काय घ्यावे? भूकरमापकांनी प्रत्येक नकाशावर मूलाधार, प्रक्षेप, माप आणि मोजणीची तारीख लिहावी. तलाठ्यांनी नवा नकाशा आला म्हणून जुना रद्दीत घालू नये, कारण उद्याच्या वादाचे उत्तर त्यातच असू शकेल. शिक्षकांनी आलेखाचा धडा शिकविताना मुलांना शाळेच्या आवाराच्या चार कोपऱ्यांचे आकडे काढावयास लावावे. घरी जाऊन ती मुले वडीलमाणसांची शंका आपल्यापेक्षा चांगली दूर करतील. आणि ग्रामस्थांना माझी विनंती अशी, की मोजणीची नोटीस आली असता हजर राहावे, हद्दीचे दगड साफ करून दाखवावेत, आणि शेजाऱ्याला बरोबर घेऊन दाखवावेत. न समजलेल्या आकड्यावर सही करू नये. "हा आकडा कोठून मोजला?" असे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे, आणि त्याचे उत्तर साध्या मराठीत देणे हे आम्हा शासकीय सेवकांचे कर्तव्य आहे.

नॉर्थ कॅरोलायनाच्या त्या अभियंत्याची मागणी फार मोठी नव्हती. सर्वांना एकाच भाषेत आपापली जागा सांगता यावी, एवढेच त्याला हवे होते. तशी भाषा आपल्या गावांपर्यंत पोचत आहे. ती पोचताना कोणाचा बांध धास्तीने रात्री उकरला जाऊ नये, याची काळजी आपण सर्वांनी मिळून घ्यावयाची आहे.